पडद्यामागची सूज : दिसायला सारखी, औषध मात्र निराळे

डोळा लाल होत नाही, दुखत नाही, चिकटत नाही. आरशात पाहिला तर नेहमीसारखाच दिसतो. तरीही आठ-दहा दिवसांत नजर अंधुक होत जाते. माणूस आधी म्हणतो, चष्म्याचा नंबर वाढला. मग मोबाइलला दोष देतो. घरातले म्हणतात मोतीबिंदू असेल, पुढच्या शिबिरात दाखवू. विहारात किंवा समाजमंदिरात भरणारी नेत्रशिबिरे चांगलीच असतात, पण तिथे बहुतेक वेळा चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू पाहिला जातो. थेंब घालून बाहुली मोठी करायची आणि डोळ्याचा मागचा भाग तपासायचा, ही सोय प्रत्येक शिबिरात नसते. म्हणून या आजारांचा पत्ता उशिरा लागतो.

त्याहून मोठा घोटाळा पुढे होतो. डोळ्याच्या मागच्या भागात सूज आणणारे आजार एक नाही, अनेक आहेत. रुग्णाची तक्रार साधारण सारखीच असते, डॉक्टरांना यंत्रातून दिसणारे चित्रही पुष्कळदा सारखे असते. औषधे मात्र एकमेकांच्या अगदी उलट. एकाला जी गोळी नजर परत देते, तीच गोळी दुसऱ्याची नजर घालवते. त्या गोळीचे नाव स्टेरॉइड.

आधी डोळ्याची रचना थोडक्यात पाहू. डोळ्याच्या गोळ्याला तीन आवरणे असतात. बाहेरचे पांढरे आणि चिवट. मधले रक्तवाहिन्यांनी व काळपट रंगद्रव्याने भरलेले, त्याला मागच्या बाजूला कोरॉइड म्हणतात. सगळ्यांत आतला रेटिना, ज्याला आपण नुसते ‘पडदा’ म्हणतो. पडद्याच्या बाहेरच्या थराचे पोषण कोरॉइडच्या रक्तातून होते. त्यामुळे कोरॉइड सुजले की पडदाही बिघडतो. पावसाळ्यात भिंतीत ओल मुरली की वरच्या रंगाचा पोपडा फुगतो, तसा पाणी झिरपून पडदा जागोजागी उचलला जातो. पडद्याला दुखण्याची जाणीवच नसते. म्हणूनच हे सगळे मुकाट्याने चालते.

दोन रुग्ण, एकच पाणी

समजा, एका ओपीडीत एकाच दिवशी दोघे आले. एक तिशीतली बाई, दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसते म्हणून. दुसरा रातपाळीला गाडी चालवणारा चाळिशीच्या आतला माणूस, एका डोळ्यासमोर मधोमध मळकट डाग दिसतो म्हणून. दोघांच्याही पडद्याखाली पाणी साचलेले आहे.

बाईला नीट विचारले तर ती सांगते की, नजर जाण्याच्या आधी आठवडाभर डोके फार दुखत होते, मान आखडली होती, कानात शिट्टी वाजल्यासारखे व्हायचे. कंगवा लावला तरी डोक्याची कातडी झोंबायची. डोकेदुखीसाठी तिने एका डॉक्टरकडून गोळ्या आणल्या, कानासाठी दुसऱ्याकडून थेंब. या तक्रारींचा डोळ्याशी काही संबंध असेल हे तिच्या मनातही आले नाही. पण संबंध आहे. या आजाराला व्होग्ट-कोयानागी-हराडा म्हणतात. तीन डॉक्टरांची नावे जोडून हे नाव झाले आहे. स्वित्झर्लंडच्या व्होग्ट यांनी 1906 मध्ये, जपानच्या हराडा यांनी 1926 मध्ये आणि कोयानागी यांनी 1929 मध्ये अशा रुग्णांची वर्णने लिहिली. प्रत्येकाला वाटले, आपण वेगळा आजार पाहतो आहोत. पुढे कळले की तिघेही एकाच आजाराची वेगवेगळी बाजू सांगत होते.

यात होते असे की, शरीराचे रक्षण करणारी आपलीच यंत्रणा रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. या पेशी डोळ्यात असतात, कानाच्या आतल्या भागात असतात, मेंदूच्या आवरणात असतात, कातडीत आणि केसांच्या मुळाशी असतात. म्हणूनच डोके, कान आणि डोळे यांच्या तक्रारी एका माळेत येतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पापण्यांचे केस पांढरे होतात, डोक्यावर चाई पडते, अंगावर कोड उठते. गोऱ्या युरोपियन लोकांपेक्षा आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या आशियाई लोकांत हा आजार अधिक आढळतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त. कोड दिसले की वस्तीत कुजबूज सुरू होते, हे सर्वांना माहीत आहे. कोड संसर्गाने पसरत नाही आणि हा आजारही एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आता तो गाडी चालवणारा माणूस. त्याचे डोके दुखले नाही, कान वाजले नाहीत. त्याला त्या एका डोळ्याने वस्तू थोड्या लहान दिसतात, सरळ रेषा वाकडी दिसते. त्याला झालेला आजार म्हणजे सेंट्रल सीरस. खरे तर ही सूज नव्हेच. कोरॉइडच्या रक्तवाहिन्या तुंबून पाणी वर झिरपते, इतकेच. हा पुरुषांत जास्त दिसतो, साधारण तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान. ताणतणाव आणि जागरण यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो, पण सगळ्यांत स्पष्ट संबंध आहे स्टेरॉइडशी. बहुतेकांचे हे पाणी तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. उपचार म्हणजे मुख्यतः वाट पाहणे आणि स्टेरॉइड कुठून पोटात जात असेल तर, ज्या डॉक्टरांनी ते दिले त्यांच्याशी बोलून, ते बंद करता येते का पाहणे.

बाईला मात्र वाट पाहून चालत नाही. तिला लवकरात लवकर स्टेरॉइडचा मोठा डोस लागतो, पुष्कळदा सुरुवातीला शिरेतून. आणि तो निदान सहा महिने हळूहळू उतरवत न्यावा लागतो. बरे वाटले म्हणून दीड-दोन महिन्यांत गोळ्या सोडल्या तर आजार उलटतो, आणि उलटलेला आजार अधिक चिवट असतो. अनेकांना सोबत प्रतिकारयंत्रणा आवरणारी दुसरी औषधेही घ्यावी लागतात.

म्हणजे बाईची चिठ्ठी चुकून त्या माणसाच्या हाती पडली तर त्याचा डोळा बिघडेल, आणि त्याची चिठ्ठी बाईला मिळाली तर तिचा. शेजारणीला ज्या गोळीने गुण आला ती मेडिकलमधून आणून घेणे या आजारांत किती धोक्याचे आहे, ते यावरून कळावे.

डॉक्टर फरक कसा ओळखतात? थोडासा विचारपूस करून, थोडासा पाहून. व्होग्ट-कोयानागी-हराडात दोन्ही डोळे धरतात, डोळ्यातल्या पाण्यात सुजेच्या पेशी तरंगताना दिसतात, दृष्टीच्या नसेचे तोंड सुजलेले असते. सेंट्रल सीरसमध्ये डोळा आतून स्वच्छ असतो. ओसीटी नावाची तपासणी प्रकाशकिरणांनी पडद्याचा आडवा छेद दाखवते. तिला इंजेक्शन लागत नाही, दुखतही नाही. दुसरी तपासणी अँजिओग्राफी. तिच्यात हाताच्या शिरेतून पिवळा रंग सोडतात आणि डोळ्याचे फोटो काढतात. सेंट्रल सीरसमध्ये एखाद-दुसऱ्या ठिकाणाहून रंग गळतो, कधी चुलीच्या धुरासारखा वर चढतो. दुसऱ्या आजारात सुईच्या टोकाएवढे असंख्य ठिपके उजळतात आणि मग रंगाची तळी साचतात. या तपासणीनंतर दिवसभर लघवी गडद पिवळी होते, कातडीही जराशी पिवळसर दिसते. ती कावीळ नव्हे. हे आधी सांगितलेले नसले तर घरात विनाकारण घबराट होते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. पडद्याखाली असेच पाणी अतिशय वाढलेल्या रक्तदाबानेही साचते, आणि गरोदर बाईचा दाब चढला तरीही. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरने आधी हाताला दाबाचा पट्टा बांधला तर ‘दाखवायला आलो डोळा आणि बघतात हात’ असे म्हणू नये.

दुसऱ्या डोळ्याचा सूड

व्होग्ट-कोयानागी-हराडाची हुबेहूब नक्कल करणारा आणखी एक आजार आहे. एका डोळ्याला आरपार जखम होते, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसऱ्या, चांगल्या डोळ्यातही सूज उतरते. बहुतेकांत हे वर्षभरात घडते, क्वचित कितीतरी वर्षांनी. जखमेमुळे डोळ्यातले जे घटक रक्तातल्या रक्षक पेशींनी कधी पाहिलेले नसतात ते त्यांच्यासमोर येतात, आणि मग त्या पेशी दोन्ही डोळ्यांना शत्रू समजतात. यंत्रातून पाहिले तर हे दोन आजार वेगळे करणे कठीण. फरक राहतो तो एकाच प्रश्नात : डोळ्याला कधी मार लागला होता का, कधी ऑपरेशन झाले होते का?

आंधळ्यांसाठी ठिपक्यांची लिपी तयार करणारे लुई ब्रेल यांची दृष्टी अशीच गेली असावी असे मानतात. पॅरिसजवळच्या कूव्रे गावी 1809 साली त्यांचा जन्म झाला. वडील घोड्यांचे चामडी साज शिवत. तीन वर्षांच्या लुईच्या हाती चामड्याला भोक पाडायचे हत्यार आले आणि ते एका डोळ्यात घुसले. पाच वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळे गेले होते. तेव्हा औषध नव्हते. आज वेळेवर उपचार मिळाले तर दुसरा डोळा पुष्कळदा वाचवता येतो.

आपल्या वस्त्यांत वेल्डिंग, ग्राइंडर, खडी फोडणे, सुतारकाम ही कामे करणारे कितीतरी जण आहेत. विटीदांडूची विटी आणि दिवाळीतले फटाके यांनी गेलेले डोळेही प्रत्येक वस्तीत सापडतील. ज्याचा एक डोळा जखमेने गेला आहे त्याच्या दुसऱ्या डोळ्याला उजेड सहन होईना, जवळचे वाचता येईना किंवा अंधुक दिसू लागले, तर दोन दिवस थांबायचेही कारण नाही. त्याच दिवशी दाखवावे आणि जुनी जखम आपणहून सांगावी. लोक सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते तो विषय संपलेला असतो.

सापासारखी सरकणारी आणि टीबीची

आता आपल्या देशात फारच महत्त्वाची अशी जोडी. सर्पिजिनस कोरॉइडायटिस नावाचा एक आजार आहे. नावातच सरपटणे आहे : सूज दृष्टीच्या नसेजवळ सुरू होते आणि नागमोडी कडेने पुढे सरकत जाते, मागे वण ठेवत. मध्यबिंदूपर्यंत पोहोचली की वाचणे, चेहरा ओळखणे बंद. हाही शरीराच्या उलटलेल्या प्रतिकाराचा आजार मानला जातो आणि त्याला स्टेरॉइड व प्रतिकार आवरणारी औषधे देतात.

भारतात मात्र डॉक्टरांना असे रुग्ण दिसत होते की ज्यांची सूज तशीच सरपटत होती, पण स्टेरॉइड देऊनही ती पुन्हा पुन्हा उलटत होती. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतील डॉ. विशाली गुप्ता, डॉ. अमोद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अशा रुग्णांवर लेख प्रसिद्ध केला. त्यांच्यामागे टीबी असावा असे त्यांनी दाखवले. स्टेरॉइडच्या जोडीला टीबीची औषधे दिल्यावर आजार उलटायचा थांबला. पाश्चात्त्य पुस्तकांत जे आजाराचे एकच चित्र होते, त्याची दोन झाली, आणि ते काम आपल्याकडच्या डॉक्टरांनी केले. हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

फरक कसा पडतो? टीबीच्या प्रकारात रुग्ण बहुधा तरुण असतो. डाग एकाच ठिकाणाहून न सरकता विखुरलेले, अनेक ठिकाणी असतात, आणि नसेच्या लगतची जागा पुष्कळदा सुटलेली असते. डोळ्यातल्या पाण्यात सुजेच्या पेशी दिसतात. दुसऱ्या प्रकारात त्या जवळजवळ नसतात. यात काळ्या दगडावरची रेघ कुठलीच नाही. म्हणून मांटू, रक्ताची तपासणी, छातीचा एक्स-रे किंवा सीटी स्कॅन हे सगळे एकत्र ठेवून निर्णय घेतात.

इथे रुग्णाचा गोंधळ होतो. ‘मला खोकला नाही, ताप नाही, वजन उतरले नाही, एक्स-रे साफ आहे, मग टीबी कसला?’ टीबीचे जंतू रक्तावाटे कुठेही जाऊ शकतात आणि कोरॉइडमध्ये रक्ताचा पुरवठा भरपूर असतो. डोळ्यात जंतू इतके थोडे असतात की नमुना काढूनही ते अनेकदा सापडत नाहीत, आणि मुळात डोळ्याच्या आतून नमुना काढणे सोपे नाही. उलट बाजूही खरी आहे. आपल्याकडे असंख्य निरोगी माणसांच्या शरीरात टीबीचे जंतू झोपलेले असतात, त्यांचीही मांटू फुगते. तेव्हा नुसत्या फुगलेल्या मांटूवरून डोळ्याचा टीबी ठरत नाही. ज्या डॉक्टरने घाईने हो किंवा नाही न म्हणता आणखी तपासण्या लिहिल्या, तो पैसे काढतो आहे असे समजण्याआधी एवढे लक्षात घ्यावे. नुसत्या डोळ्याच्या टीबीने घरातल्या कुणाला लागण होत नाही. फुप्फुसात टीबी असेल तर गोष्ट वेगळी. ताटवाटी निराळी ठेवायची गरज नाही.

टीबीची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी दरमहा पैसे बँक खात्यात येतात. 2018 मध्ये ते 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाले. डोळ्याचा टीबीदेखील टीबीच. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन टीबी केंद्रावर नोंद करून घ्यावी.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींचे डाग कमी होण्याऐवजी वाढतात. जंतू मरताना शरीर जोरात प्रतिक्रिया देते, त्याचा हा परिणाम. घाबरून औषध सोडायचे नाही, डॉक्टरांकडे धावायचे. ते स्टेरॉइडचा डोस बदलतात. टीबीच्या औषधांतले रिफॅम्पिसिन स्टेरॉइडचा जोर कमी करते, हेही त्यांना हिशेबात धरावे लागते. आणि एथॅम्बुटॉल हे औषध काही जणांत दृष्टीच्या नसेला इजा करते. लाल-हिरवा रंग फिका वाटू लागला किंवा नजर आणखी उतरली तर लगेच सांगावे. आधीच डोळा आजारी असलेल्या माणसाला ही नवी खराबी कळत नाही, म्हणून उपचारात रंगांची तपासणी मधून मधून करून घ्यावी.

सरपटणाऱ्या सुजेशी मिळताजुळता एक सौम्य आजारही आहे. तरुण माणसाला सर्दीतापानंतर दोन्ही पडद्यांवर पिवळट ठिपके उठतात आणि बहुतेकांचे काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. त्याचे नाव इतके लांबलचक आहे की डॉक्टरही आद्याक्षरांवर भागवतात.

तासांचा हिशेब असणारे आजार

काही संसर्गांत मात्र आठवडे नव्हे, दिवस मोजावे लागतात. कांजिण्या आणि नागीण ज्या विषाणूमुळे होतात तो, आणि ओठांवर तापाचे फोड आणणारा त्याचा भाऊबंद, कधी कधी पडद्यात शिरतो. पडदा कडेकडून पांढरा पडत मध्याकडे येतो, विरतो, त्याला भोके पडतात आणि तो सुटून येतो. जपानमध्ये उरायामा यांनी 1971 मध्ये याचे वर्णन केले. रुग्णाला आधी फक्त डोळ्यापुढे माशा किंवा जाळे दिसते. याला विषाणूविरोधी औषध ताबडतोब लागते. नुसते स्टेरॉइड दिले तर विषाणूला मोकळे रान. एचआयव्ही असलेल्या आणि प्रतिकारशक्ती फार उतरलेल्या रुग्णाच्या पडद्यालाही वेगळ्या विषाणूचा असा संसर्ग होतो.

टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून, तिने दूषित झालेल्या माती-पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या मांसातून येतो, कधी आईकडून पोटातल्या बाळाला जातो. जुन्या वणाच्या शेजारी ताजा पांढरा डाग आणि भोवती गढूळपणा, धुक्यात गाडीचा दिवा दिसावा तसे हे चित्र. औषधही परजीवीविरोधी. मटण पूर्ण शिजवून खावे आणि मातीतले काम झाल्यावर हात धुवावेत, एवढी काळजी पुरते; मांजर घराबाहेर हाकलायची गरज नाही.

आणि उपदंश, ज्याला जुनी माणसे गरमी म्हणत. तो डोळ्यात कुठल्याही आजाराचे सोंग घेतो आणि पेनिसिलिनने बराही होतो. म्हणूनच मागच्या सुजेच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाला उपदंशाची आणि एचआयव्हीची तपासणी लिहितात, साठ वर्षांच्या आजीलाही. हा कुणाच्या चारित्र्यावर ठपका नाही. ही चिठ्ठी पाहून घरात भांडण झाल्याने तपासणी राहून जाते आणि मग डोळा जातो, असे होऊ देऊ नये.

दवाखान्यात जाताना

डॉक्टरांकडे वेळ थोडा असतो, म्हणून या गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. कोणत्या डोळ्याला, कधीपासून. आधी डोकेदुखी, कान वाजणे, ताप, नागीण. वरचेवर तोंड येणे, सांधे सुजणे. घरात कुणाला टीबी. डोळ्याची जुनी जखम वा ऑपरेशन. आणि स्टेरॉइड कोणत्याही वाटेने : दम्याचा पंप, नाकातला फवारा, गजकर्णावर लावायची मलमे, गुडघ्यातले इंजेक्शन, जिममध्ये मिळणारी इंजेक्शने, सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या. शेवटच्या दोन गोष्टी लोक लपवतात, आणि नेमक्या त्याच डॉक्टरांना कळायला हव्यात. मधुमेह असेल तर तेही सांगावे, कारण स्टेरॉइडने साखर चढते.

तालुक्याच्या दवाखान्यात पडद्याचा डॉक्टर नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्र विभागाकडे चिठ्ठी मागावी. जुने सगळे केसपेपर आणि ओसीटीचे रंगीत कागद फाईलमध्ये ठेवावेत, कारण आजार सरकला की थांबला हे जुन्या चित्राशी ताडूनच कळते.

घरच्या घरी करण्यासारखी एकच तपासणी आहे. आठवड्यातून एकदा, चष्मा लावून, एक डोळा हाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीकडे पाहावे, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची उणीव झाकतो, आणि एक डोळा महिनोन्‌महिने अंधुक असूनही कळत नाही. रेषा वाकलेल्या दिसल्या, मधल्या तारखा पुसट वाटल्या किंवा एका डोळ्याला रंग फिके दिसले तर दाखवायला जावे. तिथे बाहुली मोठी करण्याचे थेंब घालतील. नंतर चार-पाच तास उजेड खुपतो आणि जवळचे दिसत नाही, म्हणून सोबत एक माणूस न्यावा आणि दुचाकी चालवत जाऊ नये.